डावीकडून तिसरा

बेगायिमच्या दुकानात जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचीच वर्दळ जास्त. बिश्केकमध्ये थडग्याचे दगड कोरणाऱ्यांची जी रांग आहे, तिच्या टोकाला तिची एका खिडकीची खोली. लोक फोटो घेऊन येत. पासपोर्टचा, लग्नाच्या घोळक्यातून कापलेला, कधी हातात दारूचा ग्लास धरलेला. ती ग्लास पुसून टाकी, अंगावर कोट चढवी, मिटलेले डोळे उघडी. मग शेजारचा दगडवाला तो चेहरा काळ्या दगडावर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवी. "तुझ्या हाताखालून गेला की मेलेला माणूस दहा वर्षांनी लहान होतो," तो म्हणे. "बिचाऱ्यांनी जिवंतपणीच यायला हवं होतं."

रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती हे करत होती. नवरा मॉस्कोत बांधकामावर, चौदा महिन्यांची आयाना सासूजवळ. त्या फेब्रुवारीत शहरावर कोळशाच्या धुराचं झाकण बसलं होतं, आणि आयानाच्या छातीत आठवडाभर घरघर होती. बेगायिम तासातासाला घरी फोन करायची; थोरल्या बायकांना म्हणतात तसं सासूलाही ती आपा म्हणे.

"श्वास मोजलेत का, आपा?"

"मोजले. चाळीस."

"झोपेत की जागेपणी?"

"अगं बये, मी पाच पोरं वाढवली, एकाचाही श्वास मोजला नाही. पाचही धडधाकट आहेत. त्यातला एक तर तूच पळवलास."

अशाच एका फोनच्या मधोमध झानीबेक बायके आत आले. हिमनद्यांच्या संस्थेचं एक लहानसं संग्रहालय होतं, त्याचे ते प्रमुख. गल्लीतली सगळी धाकटी माणसं त्यांना थोरला भाऊ मानून बायके म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो त्यांनी टेबलावर ठेवला.

"एकोणीसशे छत्तीस. बायझाकोवची पहिली मोहीम. कपाटामागे सापडला, उंदरांच्या आधी आमच्या हाती लागला म्हणून बरं."

एसेन्कुल बायझाकोवला कोण ओळखत नव्हतं? देशातली प्रत्येक हिमनदी त्याने पायाखाली घातली, मोजली, नकाशावर आणली. शाळेच्या पुस्तकात त्याचं टक्कल आणि जाड चष्मा होता, बेगायिम शिकली त्या शाळेसमोरच्या रस्त्याला त्याचं नाव होतं. यंदा त्याच्या जन्माला एकशे दहा वर्षं होत होती, म्हणून प्रदर्शन होतं. फोटोत तो बावीस वर्षांचा होता. तंबूपुढे सात माणसं उभी, मागे बर्फ, आणि सगळ्यात उजवीकडे हा किडकिडीत पोरगा, डोक्यावर मापाला मोठी टोपी. पुठ्ठ्याच्या कडा कुरतडलेल्या, मधून एक घडी गेलेली. हे सगळं तिच्या रोजच्या कामातलं.

डावीकडून तिसऱ्या माणसाला मात्र चेहरा नव्हता. तिथे जांभळ्या शाईचा गोल होता. शाई इतक्या वेळा फिरवलेली की कागद फुगला होता.

"नेलेला माणूस," झानीबेक म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला नाही, पण दाराकडे पाहिलं. "सदतीसमध्ये गुप्त पोलिसांनी माणूस नेला, की ज्याच्या ज्याच्या घरी त्याचा फोटो असेल तो चेहरा काळा करी. नाहीतर झडतीत त्याचाही नंबर. आमच्या आजोबांच्या अल्बममध्ये अशी अर्धी पलटण आहे."

"मग याचं काय करू?"

"काढून टाक."

"शाई?"

"माणूस. मागे बर्फ आहे ना, तोच पुढे ओढ. मंत्री येणार, फीत कापणार, त्यांना हा डाग काय समजावत बसू?"

"बायके, मागे पेन्सिलीने सात नावं लिहिलीत."

"मागची बाजू भिंतीकडे असते," झानीबेक म्हणाले आणि आयानासाठी खिशातून दोन चॉकलेटं काढून ठेवून निघून गेले. चौदा महिन्यांच्या पोरीला चॉकलेट देऊ नये हे या देशातल्या एकाही पुरुषाला ठाऊक नाही. तिने ती उचलून वरच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक म्हातारी पाठवली. वर्तमानपत्रात संग्रहालयाची विनंती आली होती, त्या मोहिमेचे फोटो कुणाकडे असतील तर आणावेत. ही क्लारा आपा. वय शहाऐंशी, गणिताची निवृत्त शिक्षिका, पाठ अजून फळ्यासारखी ताठ.

"तू ती मेलेल्यांना टाय बांधणारी?" तिने विचारलं.

"हो, आपा. बसा."

"माझ्या बापाला टाय नको. फक्त तोंड दे."

रुमालातून तिने फोटो काढला. तोच तंबू, तेच बर्फ, तीच सात माणसं. पण यात डाग दुसरीकडे होता. सगळ्यात उजवीकडच्या माणसाचा चेहरा सुईने खरवडलेला होता, आतला पांढरा कागद दिसेपर्यंत. टोपी तेवढी शिल्लक होती, मापाला मोठी.

"हे माझे वडील," म्हातारीने त्या पांढऱ्या भोकाजवळ बोट ठेवलं. "मुकाश तुर्दुबायेव. मी पोटात होते तेव्हा नेले. आईने त्याच रात्री हे केलं, मावशी सांगायची. दात-ओठ खाऊन खरवडत होती म्हणे. आई गेली तेव्हा मी सहाची. तिच्या कोटाच्या अस्तरात हा शिवलेला होता. अनाथाश्रमात माझ्याकडे एवढंच. आईच्या कबरीशेजारी त्यांच्या नावाचा दगड बसवायचाय. कबर नाही, निदान दगड तरी हवा. डॉक्टरने मला उन्हाळा पाहाल असं सांगितलंय. तो लोकांना खूश ठेवणारा डॉक्टर आहे, म्हणून मी वसंत धरून चाललेय."

तिचं लक्ष तिसऱ्या माणसाकडे गेलं. इथे त्याच्यावर शाई नव्हती. रुंद चेहरा, मोठे कान, तोंडभर हसू. पण दोन्ही डोळ्यांच्या जागी टाचणीची भोकं होती, एकात एक अशी कितीतरी.

"हे कुणी केलं?"

"मी." क्लारा आपाच्या आवाजात शिक्षिका परत आली. "बारा वर्षांची होते. बघ कसा दात काढतोय आणि बघतोय कुठे, माझ्या बापाकडे. याच कुत्र्याने विकलं त्यांना. पुढे नव्वदच्या सुमारास फायली उघडल्या, वडिलांची मी जाऊन वाचली. साक्षीदाराचं पान पाकिटात घालून शिवलेलं. एवढंच कळलं की मोहिमेतलाच एक सहकारी. मला बाराव्या वर्षीच कळलं होतं ते. दरवर्षी वडिलांना नेलं त्या तारखेला मी याच्या डोळ्यांत टाचणी घालते. हे दुरुस्त करू नकोस, ऐकलंस? आंधळाच राहू दे त्याला."

मग तिने फोटो उचलला, उजवीकडच्या पांढऱ्या भोकावर ओठ टेकले आणि परत ठेवला. तिला लाजबिज काही वाटली नाही. रोजचंच असावं.

ती गेल्यावर बेगायिमने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. दोघांनाही नेलं असेल. आईची गडबड झाली असेल. पण बायझाकोवला कधीच कुणी नेलं नव्हतं, तो नव्वदीत पदकांसकट अंथरुणात मेला होता. आणि नवऱ्याचा चेहरा ओळखण्यात बायकोची गडबड कशी होईल?

तिने संस्थेचा फोटो उलटा केला. तिसरं नाव शाईने खोडलेलं होतं, पण पेन्सिलीने दाबून लिहिलेलं. दिवा आडवा धरला तशी अक्षरांच्या चरांत सावली भरली. मु. तुर्दुबायेव.

एक आशा अजून होती, की शाईखाली दुसराच कुणी निघेल. तिच्याकडे एक जुना कॅमेरा होता. आतली गाळणीची काच तिने काढून घेतली होती, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा उष्ण प्रकाशही तो टिपत असे. चित्रकाराची काळी शाई असती तर इलाज नव्हता, ती काजळीची असते. पण शाळेच्या दौतीतली जांभळी शाई त्या प्रकाशाला काचेसारखी. पडद्यावर गोल विरघळला. रुंद चेहरा वर आला, मोठे कान, तोंडभर हसू. आणि डोळे. क्लारा आपाच्या फोटोत जे नव्हते ते डोळे, उन्हाने बारीक झालेले, गमतीने उजवीकडच्या पोरसवद्या बायझाकोवच्या टोपीकडे बघणारे. टोपीला हसत होता तो. बस्स, एवढंच.

नेलेल्याचाच चेहरा खोडतात, हे या देशात पोरंसुद्धा जाणतात. अनाथाश्रमातल्या त्या पोरीनेही तेच धरलं. तिच्या आईने मात्र त्या रात्री नवऱ्याला हात लावला नव्हता. झडतीची पर्वा न करता त्याला तसाच हसता ठेवला, आणि सुई दुसऱ्यावर, ज्याने विकलं त्याच्यावर चालवली. मुलीला सांगायला ती पुरेशी जगली नाही.

तिने झानीबेकना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लायटरचा आवाज आला.

"हे कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"आईने सुई चालवली म्हणजे तो गुन्हेगार झाला का? पान शिवलेलं आहे ना? मग राहू दे शिवलेलं."

"बायके, ती त्याच्या चेहऱ्याच्या जागेची पापी घेते."

पलीकडे धूर सोडल्याचा आवाज. "बायझाकोव तेव्हा तेवीस वर्षांचा होता. समज, केली असेल साक्षीवर सही. तुझ्यासमोर कागद ठेवला असता, शेजारच्या खोलीत तुझी पोर आहे असं सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

तिने काय केलं असतं ते तिला ठाऊक होतं.

"मग ऐक. त्या भोकात एक चेहरा बसव. हल्ली यंत्रं बनवतात तसला. म्हातारीसारखे डोळे, म्हातारीसारखी हनुवटी. कोण ओळखणार? ती सुखाने मरेल. खोटं ते काय? तू रोज मेलेल्यांना कोट चढवतेस, तो त्यांचा असतो का?"

बोलणं अंगाला लागलं, कारण खरं होतं. दोन दिवसांनी तिने म्हातारीकडून तिचा तरुणपणीचा एक फोटो मागवला आणि त्यावरून चेहरा जुळवला. भिवया जाड केल्या, गाल बसवले, कपाळाला उन्हाची रेघ दिली. फार सुरेख झाला. कुणालाही बाप वाटावा असा. तिने तो छापून खणात ठेवला. दुसरा, शाईखालचा, तोही छापला आणि त्याच्यावर ठेवला. मग खाली ठेवला.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आयाना टीव्हीसमोर उभी होती. पडद्यावर बातम्या वाचणारा माणूस, आणि पोर त्याच्या तोंडाला तोंड लावून "आता! आता!" करत होती. त्यांच्या भाषेत बाबाला हीच हाक.

"आज तीन वेळा झालं," सासू हसत म्हणाली. "बाप फोनच्या डबीत दिसतो ना, मग कुठल्याही डबीत जो दिसेल तो हिचा बाप. काल हवामानवाल्याला पण पापी दिली. त्याने तरी थंडी कमी करावी."

"तुम्ही सांगत का नाही तिला?"

"काय सांगू?"

"हा नाही म्हणून! हा तुझा बाप नाही म्हणून!" बेगायिम इतकी ओरडली की पोर दचकून रडायला लागली, आणि रडता रडता खोकायला. तिला उचलून, पाठ थोपटत, श्वास मोजत ती खिडकीशी उभी राहिली. अठ्ठेचाळीस, रडण्यामुळे. मग बेचाळीस. आपण उद्या काय करणार ते तिला कळलं होतं, आणि त्याने अजिबात बरं वाटत नव्हतं.

क्लारा आपा सकाळीच आली, डोक्याला नवा रुमाल बांधून. सोबत डबाभर बोर्सोक, तळलेल्या कणकेचे फुगीर तुकडे. "काल गुरुवार होता, तळले. वास पोचतो म्हणतात मेलेल्यांना. माझा विश्वास नाही, मी गणितवाली. पण तळते. सत्तर वर्षं हा फोटो चुलीसमोर ठेवून तळतेय. घे, ऊन नसले तरी मऊ आहेत. झालं का काम?"

"आपा, आधी बसा."

"बसवतेस म्हणजे झालं नाही."

"झालं. पण तुम्ही दाखवलंत ते तुमचे वडील नाहीत." तिने एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर राहून गेलं असतं. "तुमच्या आईने त्यांना खरवडलंच नाही. आईने खरवडला तो बायझाकोव. तुमचे वडील डावीकडून तिसरे."

म्हातारी हसली. "पोरी, तुझं बाळ आजारी आहे म्हणे. झोप झालेली नाही तुझी."

बेगायिमने संस्थेचा फोटो समोर ठेवला, उलटा केला, दिवा आडवा धरला. क्लारा आपाने चष्मा चढवला. नाव वाचलं. पुन्हा वाचलं, अक्षर अक्षर, ओठ हलवत. मग पुढची बाजू बघितली. टोपीखालचा बायझाकोव. जांभळा गोल. आपल्या फोटोतली भोकं. बोट एकापासून दुसऱ्याकडे गेलं आणि परत आलं. उदाहरण तपासावं तसं तीनदा तपासलं. उत्तर तेच आलं.

मग तिने बाहीतून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. नीट घडी करून दुसऱ्या बाजूने पुन्हा पुसलं. पुसतच राहिली, ओठ लाल होईपर्यंत. बेगायिम हात धरायला गेली तर तिने तो झटकला.

"सत्तर वर्षं," ती म्हणाली. "मी त्या बायझाकोवला बोर्सोक खाऊ घातले. आणि याला—" पुढचं वाक्य तिने केलं नाही. दगडवाल्याची छिन्नी भिंतीपलीकडे टकटक करत होती.

"तुम्ही बारा वर्षांच्या होतात, आपा."

"सत्तराव्या वर्षी बारा वर्षांची नव्हते. मागल्या ऑक्टोबरातही नव्हते." तिने मान वर केली. "तू का सांगितलंस मला? आं? लोकांची खोटी तोंडं करून पोट भरतेस, माझ्यासाठी एक करता आलं नाही?"

"केलं होतं."

"दाखव."

बेगायिमने खण उघडला आणि दोन्ही चेहरे तिच्यापुढे ठेवले. म्हातारीने आधी खोटा उचलला. बराच वेळ बघितला. "चांगला आहे," ती म्हणाली. "मला असाच वाटायचा." तिने तो पालथा ठेवला आणि दुसरा घेतला. भिंग मागितलं. कानांवर थांबली.

"हे माझ्या तैमूरचे कान. माझा मुलगा. दहा वर्षं झाली त्याला जाऊन. मला वाटायचं नवऱ्याकडून आले." मग भिंग वर सरकलं, डोळ्यांवर आलं, आणि तिथून तिने ते घाईने उचललं. "हा दगडावर घ्यायचा."

"हो, आपा. मी आजच—"

"हसू काढ."

"काय?"

"तोंड मिट त्याचं. तुला येतं ना ते? हा मला हसतोय. मी टाचणी घालत होते तेव्हाही हसतच होता. मी मरेन आणि हा माझ्या आईशेजारी दगडावर उभा राहून हसत बसेल. नको."

"आपा, त्यांचा एवढा एकच चेहरा आहे. ते टोपीला हसत होते. तुमच्या आईने झडतीचा धोका पत्करून तो ठेवला—"

"आईने ठेवला, आईला बोचत नव्हता. काढ. मी इथेच बसते."

ती बसली. कोट काढला नाही, चहाला हात लावला नाही. बेगायिमने तो चेहरा पडद्यावर घेतला. ओठांचा डावा कोपरा खाली ओढला, मग उजवा. दात गेले. दातांवाचून गालांवरची गोलाई कारणाशिवाय राहिली, म्हणून तीही उतरवावी लागली. गाल उतरले तसे डोळे वेडेविद्रे दिसायला लागले, एकट्यानेच कशाला तरी हसणाऱ्या माणसासारखे. म्हातारी पाठीमागून म्हणाली, "डोळे पण." तिने त्यांच्याभोवतीच्या उन्हाच्या सुरकुत्या एकेक करून विझवल्या. दीड तास गेला. मधे घरून फोन आला, तो तिने पहिल्यांदाच उचलला नाही.

शेवटी पडद्यावर एक रुंद तोंडाचा, मोठ्या कानांचा, समोर बघणारा माणूस राहिला. शहाऐंशी वर्षं शाईखाली, कपाटामागे टिकलेला तो दुसरा माणूस आता तिथे नव्हता.

क्लारा आपा जवळ आली. वाकून बघितलं. हात पडद्यापर्यंत नेला, पण लावला नाही.

"आता झाला," ती म्हणाली. "आता दिसतोय नेलेला माणूस."